जिथे बदल नाही

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

आज सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी ड्वेन स्ट्रॉमने मला सगळ्यांसमोर 'आजीबाई' म्हटलं. सगळे म्हणजे त्याच्याखेरीज एकटी मार्लिस, पण अपमान तो अपमान. मी त्याला सांगितलं की मला नातवंडं नाहीत, आणि असती तर बाईमाणसासाठी दार उघडून धरायचं असतं एवढं तरी मी त्यांना शिकवलं असतं. तो खो खो हसला आणि त्याने दार धरलं. वार, तारीख, वेळ इथे लिहून ठेवते. शाळेतल्या सिस्टर अँसेल्मा सांगायच्या की तक्रारीला तारीख हवी, नाहीतर ती नुसती कुरकुर. बाकी दिवस उत्तम गेला.

खरंच उत्तम गेला. निवृत्त झाल्यापासून मी ब्रिज शिकले, आणि ब्रिज खेळणाऱ्यांचा कंटाळा करायला शिकले. त्यामुळे ड्वेनचा फोन आला तेव्हा फार आढेवेढे घेतले नाहीत. मिनिआपोलिसचं घर बंद केलं, गाडीत दोन बॅगा टाकल्या आणि इथे डुलूथला येऊन टेकडीवर भाड्याने राहिले. मी आल्बिना ग्रेगोरिच, वय एकोणसत्तर, आणि आज मला पुन्हा एक टेबल आहे.

जन्मभर मी एकच काम केलं. यंत्राचं बटण दाबल्यावर सगळ्यांच्या आधी जो प्रोग्राम जागा होतो, तो लिहिणं. त्याला बूटलोडर म्हणतात. मदर सुपीरियर येण्याआधी येऊन खिडक्या उघडणारी आणि घंटा देणारी एक सिस्टर प्रत्येक कॉन्व्हेंट शाळेत असते, तसं त्याचं काम. घंटा झाली की तिची कुणाला आठवण राहत नाही. मला ते काम फार आवडायचं.

कचेरी मासळीच्या जुन्या गोदामात आहे. हवा दमट झाली की भिंतींना अजून हेरिंगचा वास सुटतो. टेबलासमोर कालवा. खनिजाची लांबलचक बोट आत शिरताना भोंगा देते, पूल वर उचलला जातो आणि तोही भोंग्यानेच उत्तर देतो. कपातले चमचे थरथरतात. मार्लिस होक्कानेन पन्नाशीची आहे. ती यंत्रं तपासते, फोन घेते आणि उरलेल्या वेळात पायमोजे विणते. तिने माझ्यासाठी खजुराच्या वड्या आणल्या होत्या. बोलते कमी. मी जास्त बोलते, त्यामुळे आमचं जमेल.

ड्वेन या बोटींसाठी पडदे बनवतो. समोरचं पाणी, नकाशा, जवळपासच्या बोटी, सगळं त्या पडद्यावर दिसतं. अडचण अशी की यंत्र चालू केल्यावर चित्र उमटायला चाळीस सेकंद लागतात. वरून खाली, एकेक पट्टी, एखादा आळशी मुलगा फळा पुसतो तसं. एका कप्तानाने फोनवर काय सांगितलं ते ड्वेनने मला ऐकवलं. तो म्हणत होता, अरे बाबा, धुक्यात माझी वीज गेली, परत आली, आणि तुझा पडदा उमटेपर्यंत मी कठड्याशी जाऊन ओरडून विचारून आलो की कोण आहे रे तिकडे. बोटींच्या मालकांना हे काम दहा सेकंदांत व्हायला हवंय. शुक्रवार, १० ऑक्टोबर, संध्याकाळी पाच ही मुदत आहे. त्यानंतर प्रोग्राम चिपांमध्ये भरतात, डबे पाणी शिरू नये म्हणून कायमचे सील करतात आणि ट्रक येऊन घेऊन जातो. मग त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा कुणाला बदलता येत नाही.


बुधवार, १७ सप्टेंबर

दुखणं सापडलं. इतकं सोपं निघालं की आधीच्या माणसाला शोधून काढून कोपऱ्यात उभं करावंसं वाटलं.

प्रोग्राम प्रत्येक लहानसहान बदलाच्या वेळी पडद्याला विचारतो की तुझ्यावर आत्ता काय आहे. पडद्याची स्मरणशक्ती लिहून घेण्यासाठी असते, वाचून दाखवण्यासाठी नसते. लिहिलेलं ती झटकन घेते, पण परत विचारलं की तासभर आठवत बसते. आणि एवढं विचारून झाल्यावर हा शहाणा सगळं चित्र नव्याने रंगवतो. एका अक्षरासाठी सगळा फळा वर्गाकडून वाचून घ्यायचा, पुसायचा आणि पुन्हा लिहायचा.

माझा उपाय असा. चित्राची एक नक्कल यंत्राने स्वतःपाशी ठेवायची. नवं चित्र त्या नकलेशी ताडून बघायचं. फरक असेल तेवढ्याच जागी पडद्यावर लिहायचं. जिथे बदल नाही तिथे हात लावायचा नाही, आणि पडद्याला काहीही, कधीही विचारायचं नाही.

चाळीसचे अकरा सेकंद झाले. मार्लिसने विणकाम खाली ठेवलं. तिच्याकडून एवढं म्हणजे टाळ्याच.

ड्वेन म्हणाला, अकरा? दहा सांगितलेत मॅडम. मी म्हटलं, बाळा, तुझे चाळीस होते. त्याला सुरुवातीची एक ओळ खुपतेय. यंत्र जागं झाल्या झाल्या ती सगळा पडदा पुसते आणि एकदाच सगळं नव्याने रंगवते. त्यात दोन सेकंद जातात. मी त्याला बजावलं की तिला हात लावायचा नाही. पुढे जन्मभर नकलेवरच विश्वास ठेवायचा असेल, तर निदान एकदा नक्कल आणि पडदा सारखे आहेत एवढं करून घ्यायला हवं. नाहीतर पडद्यावर भलतंच काही असेल, नक्कल म्हणेल सगळं ठीक आहे, आणि विचारणारं कुणीच नसेल. तो म्हणाला, पटलं.


मंगळवार, २३ सप्टेंबर

पटलं नव्हतं.

काल, सोमवार, २२ सप्टेंबर, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडले असताना, ड्वेनने ती ओळ काढून टाकली. माझ्या नावाने.

आमच्या धंद्यात प्रत्येक बदलाखाली दोन नावं असतात. एक लिहिणाऱ्याचं, दुसरं वाचून तपासणाऱ्याचं. ती नावं म्हणजे शपथ. चौतीस वर्षांत मी न वाचलेल्या ओळीखाली माझं नाव कधी गेलं नाही. काल गेलं. खाली मार्लिसचं आहे. मी तिला विचारलं, तू वाचलंस का? ती म्हणाली, अगं, त्याने सांगितलं तुझंच आहे, मग तुझ्या कामात मी काय वाचायचं. हा मोठेपणा मला दिला की स्वतःचा आळस लपवला, ते तिचं तिला ठाऊक.

ड्वेन केक घेऊन आला होता. नऊ सेकंद! तो म्हणाला, रुसताय काय, कोड तुमचाच आहे, मी फक्त एक ओळ उणे केली. नव्या यंत्राचा पडदा कोराच असतो की. मी म्हटलं, कोरा असतो असं तू धरून चालतोस. तो म्हणाला, तुमचं हे असं असतं बघा, सगळं छान झालं तरी तोंड कडू. मग मार्लिसकडे बघून म्हणाला, आजीबाईंना केकचा मोठा तुकडा दे, निदान तेवढा वेळ तोंड बंद राहील.

दोघंही हसली. मी ओळ परत घालायला किंवा त्याखाली स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तो म्हणाला, बघू.


गुरुवार, २५ सप्टेंबर

तपासणीच्या टेबलावरच्या पडद्यावर एक डाग राहतोय. यादी उघडते, मिटते, नकाशा येतो, जातो, आणि खाली उजव्या कोपऱ्यातला काळपट डाग तिथेच. मार्लिसने फडक्याने पुसून पाहिला. मी म्हटलं, पुसण्याची ओळ तुमच्या साहेबांनी केकबरोबर खाल्ली, आता फडकी मारा.

मग चष्मा लावून नीट बघितलं. डागाला डोकं आहे. उतरते खांदे आहेत. गळ्यात चष्म्याची साखळी आहे.

काल दुपारी यंत्र चालू केलं तेव्हा मी त्याच्यासमोर बसले होते. काचेत माझी सावली पडली असणार, प्रत्येकाची पडते. मी उठले. सावली उठली नाही.

काच प्रतिबिंब धरून ठेवत नाही हे मला कळतं. मी ते ड्वेनला सांगितलं. तो म्हणाला, बोटीवर कोण बघतंय कोपऱ्यात. मार्लिस म्हणाली, पण छान आलीयस गं.


शुक्रवार, २६ सप्टेंबर

हे मी शांतपणे लिहिणार आहे.

सकाळी छत्री झटकत दारात उभी राहिले तेव्हा मार्लिस माझ्या खुर्चीशी बोलत होती. म्हणत होती, आज लवकर आलीस, कॉफी ठेवलीय, हवी तेव्हा घे.

खुर्चीत मी होते.

करडा स्वेटर, जो आज माझ्या घरी वाळत पडलाय. हात टेबलावर. नजर पडद्याकडे. धूसर नाही, पारदर्शक नाही, बोचकं घेऊन बाजारात बसलेल्या बाईसारखी धडधडीत. फक्त एक गोष्ट चुकीची होती. बाहेर सकाळ होती, पावसाळी, उन्हाचा पत्ता नाही. तिच्या डाव्या गालावर दुपारचं ऊन पडलेलं होतं.

मी मार्लिसला हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग तिचा खांदा धरून हलवला. तिने खांदा खाजवला आणि खिडकीकडे बघून म्हणाली, या फटी एकदा बुजवायला हव्यात.


सोमवार, २९ सप्टेंबर

शनिवार-रविवार झोपून काढले. वयाचा भाग असेल असं ठरवलं. वयाचा भाग नाही. ती आहे.

नियम माझाच आहे, म्हणून मला तो पहिल्यांदा कळला. आल्बिना रोज नऊच्या आत येते, त्या खुर्चीत बसते, त्या पडद्याकडे बघते. या दोघांनी ते एकदा पाहून ठेवलंय. आता ते खुर्चीला विचारत नाहीत. आपल्यापाशी ठेवलेल्या नकलेला विचारतात. नक्कल म्हणते, बदल नाही.

सोमवारची बैठक तिच्याच टेबलाभोवती झाली. ड्वेनने विचारलं की पाठवण्याआधी कुणाला काही म्हणायचंय का. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी जे म्हणायचं ते म्हटलं, ओळीच्या क्रमांकासकट, आणि त्याच्या आईने त्याला लाडावून ठेवलं तेही म्हटलं. तो तिच्याकडे बघत राहिला. तो म्हणाला, आजीबाईंची हरकत नाही? देवा, आज सूर्य कुठे उगवला! मार्लिस म्हणाली, हल्ली किती शांत झालीय ना, मी म्हटलंच होतं, हिला जरा रुळू दे.

मी खुर्चीपुढचा कप उचलून भिंतीवर फेकला. फुटलेला कप त्यांना दिसला. फेकणारी दिसली नाही. ड्वेनने भोंग्याला शिव्या घातल्या आणि मार्लिसने काचा गोळा केल्या. एक तुकडा माझ्या बुटावर होता. तो तिने बुटावरून उचलला, बुटाकडे न बघता.


बुधवार, १ ऑक्टोबर

मार्लिस जेवायला गेली तेव्हा तिच्या यंत्रावरून ती ओळ परत घातली. खाली माझं नाव लिहिलं. दुसरं नाव लागतं, म्हणून तपासणीसाठी ड्वेनकडे पाठवलं. त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्याने उघडलं. वाचलं. नीट वाचलं, हे मला मान्य केलं पाहिजे. मग स्वतःची खुर्ची माझ्या टेबलाकडे वळवून तिला विचारलं, हे तुम्ही पाठवलंत का?

ती पडद्याकडे बघत होती. तिला तेवढंच येतं.

तो म्हणाला, नाही ना? मग मार्लिसचा हात लागला असेल. आणि पुसून टाकलं.

मी रडले. लिहून ठेवते, लपवत नाही. गोदामाच्या मधोमध उभी राहून, बाप मेला तेव्हाही रडले नव्हते तशी. मार्लिस परत आली आणि माझ्या अंगावरून वाट काढून गेली. मी सरकले नसते तर धडकलीच असती.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

स्टेफानिया आली होती. माझी धाकटी बहीण, हिबिंगहून, दोन वर्षांनी. बाबांच्या अंत्यविधीनंतर आम्ही बोललो नव्हतो. फोन उचलत नाही म्हणून भांडायला आली असणार. हातात पोटित्सा होती, अक्रोड भरलेला गोड पाव, आईच्या हाताची असायची तशी गुंडाळलेली.

मी दारातच तिला मिठी मारली. तिने कॉलर वर केली.

स्टेफानिया खुर्चीतल्या तिच्यासमोर बसली. तासभर बोलली. बाबांच्या आजारात मी कशी फक्त चुका काढायला यायचे. मी आले की आई भांडी लपवायची. बाबा म्हणायचे, आल्बिना मुकी असती तर सोन्यासारखी पोर होती. मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, स्टेफी, हे खरं आहे का? खरंच म्हणायचे? स्टेफी तिला म्हणाली, राग आला असेल तर बोल, मी ऐकून घेते.

तिची नजर पडद्यावरच.

स्टेफानियाचे डोळे भरून आले. म्हणाली, जन्मात पहिल्यांदा तू मला बोलू दिलंस. उठून तिच्या उन्हातल्या गालाचा मुका घेतला. ओठांना काय लागलं असेल? काहीच लागलं नसणार. तरी जाताना ती हसत होती. मार्लिसला दारात म्हणाली की माझी ताई मला परत मिळाली.

पोटित्सा त्या दोघांनी खाल्ली. एक तुकडा बशीत घालून तिच्यापुढे ठेवला.


रविवार, ५ ऑक्टोबर

रविवारच्या मिस्साला गेले. या गावच्या चर्चमध्ये मी कधी गेले नव्हते. तिथे माझी नक्कल नाही, म्हणून तिथे तरी कुणी मला नव्याने बघेल असं वाटलं.

नक्कल नसली तर काहीच नसतं.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. प्रसाद जिभेवर घ्यायला मी तोंड उघडलं. फादरांचा हात माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे गेला. मागचा माणूस पुढे आला. मी बाजूला झाले नसते तर तो माझ्यात उभा राहिला असता.

तोंड किती वेळ उघडं ठेवलं, माहीत नाही.


सोमवार, ६ ऑक्टोबर

माझ्याच खुर्चीला मी का भ्यायचं, असं म्हणून तिच्यात बसले.

थंड नाही. काहीच नाही. मग ऊन लागलं, डाव्या गालाला. मार्लिस म्हणाली, कॉफी देऊ का गं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, माझ्याकडे, माझ्या डोळ्यांकडे. इतकं बरं वाटलं. फक्त गप्प राहायचं होतं. हात टेबलावर. नजर समोर. किती सोपं —

उठताना हात आले नाहीत. टेबलावरच राहिले. ओढून काढले. दोन्ही तळव्यांवरच्या रेषा आता —

तळवे गुळगुळीत आहेत.


मंगळवार, ७ ऑक्टोबर

ड्वेनला पत्र लिहायला बसले. काल मनात जुळवलेली वाक्यं. पहिली ओळ लिहिली, शाई आली. तीच ओळ नीट अक्षरात पुन्हा लिहिली. कागद कोरा.

पेन बदललं. पुन्हा तेच शब्द. कोरा. वेगळे शब्द लिहिले, उमटले.

म्हणजे आता इथेही. जे वाक्य एकदा लिहिलंय ते पुन्हा घेत नाही.

जपून लिहायला हवं. वाक्यं संपली तर —


बुधवार, ८ ऑक्टोबर

ही वही ड्वेनच्या टेबलावर उघडी ठेवली. त्याने उचलली.

त्याने पहिलं पान वाचलं. फक्त पहिलं. पुढची पानं उलटली, बोट फिरवलं, म्हणाला, बाकी कोरीच आहे. मग मार्लिसला पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं. तेच ते दाराचं वाक्य. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मार्लिस म्हणाली, आतून किती गोड आहे ना.

मार्लिसनेच वही नेऊन खुर्चीतल्या तिच्या हाताशी ठेवली. प्रेमाने. सरळ करून.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

डबे आले. दारापासून खिडकीपर्यंत रचलेत. प्रत्येकात माझं नाव आहे. प्रत्येक बोटीवर, प्रत्येक काचेत, पहिल्यांदा जो समोर बसेल —

धुक्यात समोर बोट येईल आणि पडदा म्हणेल, बदल नाही.

पण खोटं कशाला लिहू, मला बोटींचं पडलेलं नाही. मला मीच हवी आहे. उद्यापर्यंत ती एक ओळ. पडदा एकदा पुसायचा, सगळं एकदा नव्याने बघायचं. फक्त दोन सेकंद. माझ्यासाठी दोन सेकंद जास्त होतात का तुम्हाला?

आरशात बघायचं धाडस केलं. आरसा मागची भिंत दाखवतो.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

ट्रक दाराशी आहे. मार्लिस सील लावते आहे. ड्वेन शिट्टी वाजवतोय.

ती खुर्चीत. आज तिच्या केसांना मार्लिसने स्वतःची क्लिप लावली. म्हणाली, शोभते.

त्यांच्या टेबलाच्या कडेला वही टेकवून लिहिते आहे. डावा हात कागद धरत नाही, म्हणून कोपराने —

ड्वेन स्ट्रॉम यांस. तारीख वर आहे. माझी तक्रार लेखी आहे. तुमचं उत्तरही लेखी हवं, तुमच्या सहीने, आज संध्याकाळी पाचच्या आत —

भोंगा. त्यांनी वर बघितलं. माझ्यातून.

मार्लिस चालेल. कुणीही चालेल. साधा कागद, पेन्सिल, काहीही. ओळ परत घालू नका हवं तर. केक खा. फक्त एवढं लिहून द्या, पाच वाजायच्या आत, की आज या खोलीत तुम्ही दोघं होतात आणि तिसरी मी —